बेवारस प्रेतांचा वारसा

कलाकृतीचा प्रभाव तिच्या कर्त्याच्या नावासह पुढे जातो, हे समीक्षेतील एक सोयीचे गृहीतक आहे. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा चित्रपट या गृहीतकाला छेद देतो. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या काही तरुणांनी सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये तो उभा केला. कृष्णधवल फिल्म, एक पडीक शेतघर आणि रक्ताऐवजी चॉकलेटचे सिरप, अशी त्यांची सामग्री होती. वितरणाच्या वेळी शीर्षक बदलले गेले आणि जुन्या शीर्षकपट्टीबरोबर स्वामित्वहक्काची सूचनाही गळाली. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार सूचना नाही, तर हक्कही नाही. चित्रपट जन्मतःच बेवारस झाला.

त्यामुळे कोणीही त्याच्या प्रती काढल्या, दूरचित्रवाणीवर दाखवल्या, व्हिडिओ कॅसेटवर विकल्या. कर्त्यांच्या हाती त्यातले फारसे काही लागले नाही. चित्रपट मात्र सर्वत्र पोहोचला आणि त्याच्याबरोबर त्यातील प्रेतही. हैतीच्या लोकसमजुतीतील झोंबी म्हणजे दुसऱ्याच्या हुकुमात राबणारा, गुलामगिरीची स्मृती वाहणारा देह. रोमेरोंच्या प्रेतांना कोणी धनी नाही. ती केवळ भुकेली आहेत. ‘झोंबी’ हा शब्दही चित्रपटात उच्चारला जात नाही. तो नंतर चिकटला. संथ चाल, नरमांसाची भूक, मेंदूवर घाव बसल्याखेरीज न थांबणे हे नियम पुढील चित्रपटांनी, कादंबऱ्यांनी आणि व्हिडिओ खेळांनी लोककथेतील कल्पनाबंधाप्रमाणे उचलले.

तथापि लोककथा पुढे सरकताना काही टाकूनही देते. येथे काय गळाले? नायक बेन रात्रभर झुंजतो, तळघरात एकटा वाचतो. आणि सकाळी शेरीफच्या टोळीतील एकजण त्याला प्रेत समजून गोळी घालतो. मग चलच्चित्र थांबते आणि दाणेदार स्थिर छायाचित्रांतून त्याचा देह आकड्यांनी ओढून चितेकडे नेला जातो. बेन कृष्णवर्णीय असावा, असे पटकथेत नव्हते. त्या भूमिकेसाठी ड्वेन जोन्स यांची निवड झाली आणि संवादांनी वर्णाविषयी मौन पाळले. चित्रपट प्रदर्शित झाला ऑक्टोबरमध्ये. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. त्या प्रेक्षकाला ही छायाचित्रे झुंडबळींच्या छायाचित्रांहून वेगळी वाचता येणे कठीण होते. अर्थ येथे कर्त्याच्या हेतूपेक्षा काळाच्या दाबाखाली घडला.

अनेक अनुकरणांनी नियम घेतले, हा दाब घेतला नाही. नियम उचलता येतात. दाब मात्र प्रत्येक भूमीत नव्याने शोधावा लागतो. मराठीत आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२), विनोदाच्या अंगाने का होईना, तो डोंबिवलीतील उंच संकुल आणि शेजारची वस्ती यांच्यामधील दरीत शोधला. मूळ कृतीला १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळाले. तिच्या प्रेतांचे वारसदार आज जगभर आहेत. बेनला वारस किती मिळाले, हा प्रश्न प्रभावाच्या अभ्यासकाने विचारायला हवा.