पंधरा रुपयांचे तिकीट आणि मायची खुर्ची

हिवाळा लागला की आपल्या शहरात हौशी राज्य नाट्य स्पर्धेची चाहूल लागते. रोज संध्याकाळी एक नाटक. करणारे कोण, तर दिवसभर नोकरी करून तालमीला जाणारी माणसे आणि महाविद्यालयातली मुले. स्पर्धा सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची, म्हणून तिकीटही गेली काही वर्षे 15 आणि 10 रुपयेच राहिले आहे. पाच माणसांचे घर 75 रुपयांत पुढे बसून नाटक पाहू शकते. तरी मुकुंदवाडीत इतकी वर्षे काढून आम्ही त्यातले एकही नाटक पाहिले नव्हते. पैशाची अडचण नव्हती. ‘ते आपले नव्हे’ एवढेच मनात बसलेले.

गेल्या हिवाळ्यात ठरवले, जायचे; आणि मायला घेऊन जायचे. मायची साठी उलटली आहे. भीमगीतांच्या कार्यक्रमाला रात्र रात्र बसणारी बाई, पण नाट्यगृहाचे नाव काढले की मान हलवायची. खोदून विचारले तेव्हा बोलली. लहानपणी गावच्या जत्रेत तमाशा यायचा. आपल्या लोकांनी पार मागे, वेगळे बसायचे. एकदा ही पोर नीट दिसावे म्हणून पुढे सरकली, तर सगळ्यांदेखत उठवले. “पुन्हा उठवून घ्यायला कशाला जाऊ रे?” ती म्हणाली.

यावर वाद काय घालणार? आम्ही बेत थोडा बदलला. रविवारी दुपारीच जेवून निघालो आणि आधी नागसेनवनात गेलो. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय मायने दुरून पाहिले होते, आत कधी शिरली नव्हती. तिथे झाडाखाली बसून तिला सांगितले की, 1955 साली इथल्याच विद्यार्थ्यांनी ‘युगयात्रा’ नावाचे नाटक केले. लिहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी. शंबूकाच्या काळापासून बाबासाहेबांच्या लढ्यापर्यंत आपल्या माणसाने काय सोसले, ते त्यात होते. आणि पाहायला समोर बाबासाहेब स्वतः बसले होते. पुढच्या वर्षी नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही ते नाटक झाले.

“बाबासाहेब नाटक बघायला बसले होते?” मायने दोनदा विचारले. मग पदर सावरून उठली. “चला मग, उशीर होईल.”

रिक्षाने निराला बाजारात तापडिया नाट्यमंदिराला आलो. दारावरच्या मुलाने तिकिटे फाडली आणि पुढची रांग दाखवली. माय मात्र शेवटच्या रांगेपाशीच थांबली. नातीने हात धरून तिला पुढे नेले. तिसरा अंक संपेपर्यंत कुणी तिला उठवले नाही. उलट शेजारच्या बाईने, “दिसतंय ना आजी?” म्हणून आपली खुर्ची सोडून एक जागा सरकून दिली.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी जाणार असेल तर चार गोष्टी सांगतो. नाटकांच्या तारखा वर्तमानपत्रात येतात. नाट्यगृह आणि वेळ त्यातच पाहून घ्यावी. पाळी कोणती आहे ते बघून दिवस ठरवावा. घरून खाऊन निघावे, मध्यंतरात चहा पुरे. परतीची बस मिळेलच असे नाही, म्हणून रिक्षाचे आधीच ठरवावे. तान्हे मूल रडले तर लाजू नये, बाहेर फिरवून पुन्हा आत यावे.

आपल्या लोकांनी नाटक लिहायचे थांबवलेले नाही. मराठवाड्यातूनच दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’ आले, विदर्भातून आलेल्या प्रेमानंद गज्वी यांचे ‘घोटभर पाणी’ गावोगाव झाले. जलशापासून चालत आलेली ही वाट आहे. पण समोर आपला प्रेक्षक नसेल तर लिहिणाऱ्याने कुणासाठी लिहावे?

परतताना रिक्षात आम्ही विचारले, कसे वाटले? माय म्हणाली, “दुसऱ्या अंकात तो पोरगा फारच ओरडत होता. हळू बोलला असता तरी कळलं असतं.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता तिनेच विचारले, “आज कोणतं नाटक आहे?”