मोरबेच्या वरची वाट

पावसाळा लागला की नवी मुंबईत एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो : 88. मोरबे धरणाची पातळी 88 मीटरला टेकली की धरण भरलं. मग जलपूजन होतं, पाण्यात नारळ सोडला जातो आणि आपण वर्षभराचे निर्धास्त होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या नेरुळच्या सोसायटीत सकाळी पेपर चाळताना कुणी ना कुणी विचारतंच, ‘मोरबे कितीवर आलं?’ मीही विचारतो. पावसानं ओढ दिलेल्या वर्षी तर सेंटिमीटर-सेंटिमीटरचा हिशोब होतो.

स्वतःच्या मालकीचं धरण असणं ही आपल्याकडच्या महापालिकांमध्ये दुर्मीळ गोष्ट. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून नवी मुंबईनं हे धरण घेतलं. खालापूर तालुक्यात धावरी नदी अडवली आहे. तिथून पाणी भोकरपाड्याला येतं, शुद्ध होतं आणि पाइपातून थेट दिघ्यापर्यंत पोचतं. पण ज्या डोंगरांवरून ते ओघळत खाली येतं, ते डोंगर आपल्यापैकी कितीजणांनी पायी तुडवलेत? मी नेरुळमध्ये बरीच वर्षं काढल्यावर पहिल्यांदा तिकडे गेलो, आणि तेही धरणासाठी नाही, इर्शाळगडासाठी.

डिसेंबरचे दिवस होते. पनवेलहून चौक, चौकहून नानिवली. नानिवलीच्या मागून एक सोंड चढत जाते. वाट मळलेली होती, पण ती गिर्यारोहकांनी मळलेली नव्हती. ढोरवाट होती, मोळीवाट होती, बाजारवाट होती. मध्येच फाटे फुटत आणि चुकलो की काय असं वाटेपर्यंत पुढून कुणीतरी उतरताना भेटायचं. डोक्यावर मोळी घेतलेल्या एका बाईनं न थांबता हातानंच दाखवलं, असं वर जा. तासाभराच्या चढणीनंतर छातीचा भाता झाला होता, आणि ती बाई रोज ती वाट उतरून पुन्हा चढत होती.

चढ संपला आणि पठारावर ठाकरांची वाडी लागली. इर्शाळवाडी. कौलारू घरं, सारवलेली अंगणं, दारात बांधलेल्या शेळ्या, पाठीमागे गडाचा उभा कातळ आणि त्याच्या माथ्याजवळचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. एका घरात आम्ही जेवण सांगितलं आणि पुढे गेलो. नेढ्यापर्यंत जायची माझी छाती झाली नाही, खालच्या कातळाशीच बसलो. तिथून मागे वळून पाहिलं, तर खाली मोरबेचा जलाशय पसरलेला. त्यापलीकडे माथेरानची लांबलचक भिंत, मागे प्रबळगड. पाणी इतकं निवांत होतं की डोंगरांच्या सावल्या त्यात सरळ उतरलेल्या दिसत होत्या. रोज सकाळी नळ सोडतो तेव्हा जे पाणी बादलीत पडतं ते हे, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला. नळातल्या पाण्याला असं गाव, असं आकाश असतं हे तोवर मला उमगलंच नव्हतं.

परतताना त्या घरात तांदळाची भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी जेवलो. घरातल्या आजीनं विचारलं, ‘कुठले?’ मी म्हणालो, ‘नवी मुंबईचा.’ ती म्हणाली, ‘म्हणजे आमच्या खालच्या पाण्यावरचे.’ मी त्या वाक्यावर तेव्हा हसलो होतो. आता ते आठवलं की गप्प होतो.

माझा भाचा स्वित्झर्लंडमध्ये असतो. तो तिथल्या तळ्यांचे फोटो पाठवतो आणि दर वेळी लिहितो, ‘मामा, इथे याच.’ कांदरस्टेग गावाच्या वर ओशिनेन नावाचं तळं आहे, समुद्रसपाटीपासून 1578 मीटरवर. भोवती बर्फाचे कडे, मधोमध निळंहिरवं पाणी आणि काठावरून व कड्यांच्या अंगानं फिरणाऱ्या पायवाटा. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी, तिच्यावर पुढचं ठिकाण किती वेळात येईल ते लिहिलेलं. मला त्या वाटांचा हेवा वाटतो, खोटं कशाला सांगू. पण त्या तळ्याची एक गोष्ट कळली आणि मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. ते तळं दरडीतून जन्मलं आहे. काही हजार वर्षांपूर्वी डोंगराचा भाग कोसळला, ओढ्याची वाट अडली आणि मागे पाणी साचलं. आजही त्याच्या वरचा एक सुळका हलतो आहे. 2018 पासून त्याच्यावर उपकरणांची नजर आहे आणि धोक्याच्या पट्ट्यातल्या पायवाटा बंद ठेवल्या आहेत. एवढं देखणं तळं, एवढी पर्यटकांची रीघ, तरी वाट बंद म्हणजे बंद.

इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती 19 जुलै 2023 च्या रात्री. दिवसभर राबून आलेली माणसं झोपली होती, काही झोपायच्या बेतात होती. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या भागात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या सह्याद्रीचा कातळ काळा आणि टणक, पण त्याच्यावरचा मातीचा थर वेगळा. उभ्या उतारावर तो पाणी पीत राहतो, जड होत जातो, आणि कातळ व माती यांच्यामध्ये पाणी शिरलं की सगळा थर सुटतो. वाडीत 228 माणसं होती. 144 वाचली. 27 जणांचे मृतदेह सापडले. 57 जण सापडलेच नाहीत, आणि 23 जुलैला शोध थांबवला गेला.

वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला जाणारा प्रत्येकजण त्याच सोंडेवरून, अंधारात, चिखलातून, धो धो पावसात पायी चढला. यंत्रं वर नेता येईनात, फावड्या-कुदळींनी हातानं माती उपसली. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती वाट चढतानाच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. मोरबेचं पाणी पिणाऱ्या शहरातून जो माणूस त्या वाडीसाठी धावला, तो त्याच वाटेवर राहिला. त्या दिवसांत मी बातम्यांमध्ये ती वाट पाहत होतो आणि ओळखत होतो. इथे दम लागला होता, इथे ती मोळीवाली भेटली होती. आजीचं घर कुठलं, ते चिखलात ओळखू येत नव्हतं. तिचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

विधानसभेत सांगितलं गेलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. हे उत्तर मला पटत नाही. 2014 मध्ये दरडीखाली माळीण गेलं, 2021 मध्ये तळीये गेलं. एवढं झाल्यावर उभ्या कड्याच्या पायथ्याशी वसलेली वाडी यादीत का नसावी? खालचं पाणी आपण सेंटिमीटरमध्ये मोजत होतो. वरचा डोंगर मात्र कुणाच्या वहीत नव्हता.

मे 2025 मध्ये स्वित्झर्लंडमधलंच ब्लाटेन हे गाव हिमनदी कोसळून जवळपास सगळं गाडलं गेलं. ओशिनेन तळ्यामागच्या डोंगररांगांपलीकडच्या खोऱ्यातलं हे गाव. पण डोंगर हलतो आहे हे आधी टिपलं गेलं होतं, आणि 28 मेला तो कोसळण्याच्या नऊ दिवस आधी सुमारे 300 माणसांना बाहेर काढलं होतं. एका माणसाचा जीव गेला. घरं गेली, माणसं उरली. तो देश श्रीमंत आहे, तिथला धोका बर्फाचा आहे, आपला पावसाचा आहे, हे सगळं मान्य. तरी डोंगरावर लक्ष ठेवणं ही श्रीमंतीची बाब आहे असं मला वाटत नाही. पाऊस मोजायला पर्जन्यमापक लागतो. उताराला पडलेली भेग आधी दिसते ती रोज त्या वाटेनं जाणाऱ्या मोळीवालीला आणि गुराख्याला. त्यांचं ऐकायला, तिन्हीसांजेला वाडी खाली आणायला आणि तोवर त्यांच्यासाठी सुकी, दिवाबत्तीची जागा तयार ठेवायला किती पैसे लागतात?

सिडकोनं वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ 44 घरं बांधली. चांगलं झालं. पण घाटमाथ्याखाली अशा कड्यांना टेकलेल्या वाड्या अजून आहेत, आणि त्यांच्या पायवाटांवर आपण दर शनिवार-रविवारी पाठीवर सॅक घेऊन चढतो आहोत. या वाटा आपण शोधलेल्या नाहीत. माथेरानचंही तसंच आहे. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच चौकच्या बाजूनं डोंगर चढला आणि त्यानं माथेरान ‘शोधलं’ असं आपण शिकलो. तो चढला ती वाट आधीपासून मळलेली होती, कारण तिच्यावरून कुणीतरी रोज येत-जात होतं.

माझं नवी मुंबई महापालिकेकडे एक मागणं आहे. मोरबेच्या पातळीचा आकडा रोज प्रसिद्ध होतो, तसा त्याच्या वरच्या प्रत्येक वाडीत किती पाऊस पडला तोही आकडा शेजारी छापा. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तो गेला की खालापूरच्या तहसील कार्यालयाला त्याच रात्री फोन करा. पाणलोटातला पाऊस मोजून जिथे आपण आपलं वर्षभराचं पाणी ठरवतो, तिथेच वरच्या माणसांची त्या रात्रीची झोपायची जागाही ठरली पाहिजे.