आकड्याशेजारचं प्रश्नचिन्ह

चार वर्षांत मी लिचेसवर एकही डाव खेळलो नव्हतो. कारणं नेहमीचीच: नोकरी, पुण्याहून कोल्हापूरला परत येणं, संध्याकाळी उरलेला कंटाळा. इतक्या खंडानंतर रेटिंग घसरलेलं असणार, असं बहुतेकांना वाटतं. हप्ते थकले की पॉलिसी बंद पडते, तसं काहीतरी. प्रत्यक्षात आकडा जागेवर होता, १७२०. फक्त त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह आलं होतं.

हे प्रश्नचिन्ह कुठून आलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. बुद्धिबळातलं रेटिंग म्हटलं की अर्पाद एलो यांचं नाव येतं. हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना सोपी आहे. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधायचा, आणि प्रत्यक्ष निकाल अंदाजापेक्षा जितका वेगळा लागेल तितके गुण एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायचे. या पद्धतीत काळाला जागा नाही. वर्षभर अधिकृत डाव खेळला नाहीत तर फिडे तुमच्या नावापुढे ‘निष्क्रिय’ अशी खूण करते, पण आकड्याला हात लावत नाही. जुलै १९७२ च्या यादीत बॉबी फिशरचं रेटिंग २७८५ होतं. त्याच उन्हाळ्यात तो जगज्जेता झाला आणि मग वीस वर्षं खेळलाच नाही. १९९२ मध्ये स्पास्कीविरुद्ध पुन्हा बसला आणि दहा डाव जिंकून, पाच हरून, पंधरा बरोबरीत सोडवून सामना जिंकला. पण स्पास्कीही तोवर आघाडीच्या खेळाडूंत राहिला नव्हता. त्या दिवशीचा फिशर किती ताकदीचा होता, हे २७८५ हा आकडा सांगू शकत नव्हता. तो १९७२ बद्दलच बोलत होता.

मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये ग्लिको पद्धत मांडली ती याच अडचणीवर. त्याने प्रत्येक खेळाडूला एकाऐवजी दोन आकडे दिले. पहिला रेटिंग, दुसरा त्या रेटिंगवर आपला किती भरवसा आहे ते सांगणारा. दुसऱ्याला रेटिंग डेव्हिएशन म्हणतात. खेळत राहिलात की ते कमी होतं, थांबलात की वाढत जातं. लिचेसवर याच पद्धतीची पुढची आवृत्ती, ग्लिको-२, वापरतात. तिथे नियमित खेळणाऱ्याचं डेव्हिएशन साठच्या आसपास असतं, आणि वर्षभर न खेळता राहिलं की ते साधारण एकशे दहापर्यंत चढेल असं गणित बसवलेलं आहे. ११० ओलांडलं की प्रश्नचिन्ह लागतं.

मी वहीत मांडून पाहिलं. ही वाढ वर्गांमध्ये मोजायची असते, त्यामुळे चार वर्षांनी माझं डेव्हिएशन दोनशेच्या जरा आत आलं. याचा अर्थ असा: पूर्वी १७२० म्हणजे ‘हा माणूस बहुधा १६०० ते १८४० मध्ये कुठेतरी आहे’. आता १७२० म्हणजे ‘हा १३४० असेल, २१०० ही असेल’. खंडामुळे माझे गुण कापले गेले नव्हते. खात्री तेवढी कमी झाली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच कमी झाली होती.

या अनिश्चिततेचा परिणाम पहिल्याच डावात दिसतो. नियमित खेळणारा माणूस बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरला तर त्याचे दहाएक गुण जातात. माझे ऐंशीच्या वर गेले. दुसऱ्या पराभवात पासष्ट-सहासष्ट, मग एक विजय आणि पन्नासच्या वर परत. गंमत म्हणजे मला हरवणाऱ्याला जेमतेम नऊ गुण मिळाले. एलोच्या हिशेबात एकाचे गेलेले दुसऱ्याला मिळतात. ग्लिकोत तसं नाही. ज्याच्याबद्दल खात्री नाही त्याला मोठी पावलं टाकू दिली जातात, आणि त्याला हरवणाऱ्याला मोठं बक्षीस मिळत नाही, कारण नेमकं कोणाला हरवलं हेच अजून ठरलेलं नसतं. पंचवीस-तीस डावांनंतर माझा आकडा १६४० च्या आसपास स्थिरावला. प्रश्नचिन्ह त्याच्या आधीच गेलं होतं.

हे ऐंशी गुण नेमके कशाचे गेले? हत्ती-प्याद्यांचे शेवट अजून हाताशी होते. ओपनिंगच्या चाली विसरल्या होत्या, पण त्यामागचा विचार आठवत होता. गेली होती ती नजर. समोरच्या घोड्याचा दुहेरी हल्ला पूर्वी आपोआप दिसायचा, आता तो शोधावा लागत होता, आणि दहा मिनिटांच्या डावात शोधायला वेळ नसतो. आमच्या गल्लीतले एक जुने पैलवान तालमीबद्दल हेच सांगतात: मेहनत सुटली की आधी दम जातो, डाव बरीच वर्षं अंगात राहतात.

शिवाय रेटिंग ही उंची नाही, रांगेतली जागा आहे. आपण थांबलो म्हणून रांग थांबत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आणि त्याच वर्षी आलेल्या ‘द क्वीन्स गॅम्बिट’ मालिकेनंतर ऑनलाइन बुद्धिबळात नव्या लोकांची लाट आली. पटावरच्या स्पर्धा बंद होत्या तेव्हा आपल्याकडची असंख्य मुलं घरी बसून रोज खेळत, शिकत होती. त्यांचं फिडे रेटिंग मात्र गोठलेलं. स्पर्धा सुरू झाल्यावर तेराशे रेटिंगची दहा-बारा वर्षांची पोरं मोठ्यांना सर्रास हरवू लागली. म्हणजे खंडात माणूस खालीच जातो असंही नाही. आकडा झोपलेला असताना मूल वर जात असतं.

खालची रेटिंगं अशी वास्तवापासून सुटत गेल्यावर फिडेने १ मार्च २०२४ ला एकदाच एक दुरुस्ती केली. २००० च्या खाली असलेल्या प्रत्येकाला, तो २००० पासून जितका दूर, त्याच्या चाळीस टक्के गुण वाढवून दिले. माझ्या ताईचं रेटिंग २०१० पासून १३८० वर पडून होतं. ते एकही चाल न करता १६२८ झालं.

ताईची गोष्ट आमच्या भागात नवी नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना कोल्हापूरची मुलं पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. आम्हीही एसटीने जायचो. पंधरा वर्षांखालच्या गटात बसायला जागा नसायची. दहावीचं वर्ष आलं की पट कपाटावर जायचा आणि बहुतेकांचा तिथेच राहायचा. ताईचाही राहिला. पुढे इंजिनिअरिंग, पुण्यात टेस्टिंगची नोकरी, मग मुलगी झाली, सासऱ्यांचं आजारपण, आणि पाच वर्षं घर.

मागच्या वर्षी ती पुन्हा मुलाखती द्यायला लागली. तांत्रिक प्रश्न दोन-तीनच असायचे, बाकी सगळा वेळ ‘गॅप’वर. शेवटी एका कंपनीने घेतलं, ते सोडतानाच्या पगारापेक्षा कमी पगारावर, आणि वर ‘पुढच्या वर्षी बघू’. त्या सुमारास मी तिला ग्लिकोचं हे सगळं सांगत होतो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “म्हणजे तुझ्या त्या साइटला माहीत नसेल तर ती माहीत नाही म्हणते. हे बरंय की रे. आमच्याकडं माहीत नसलं की वजा करतात.”

तिला टोचत होतं ते कमी पगारापेक्षा ‘पुढच्या वर्षी’. मोठ्या अनिश्चिततेबरोबर मोठी पावलं यायला हवीत. परत आलेल्याला सुरुवातीला खाली बसवलं तरी चालेल, पण मग त्याचा प्रत्येक डाव मोजा, तीन महिन्यांत मोजा, आणि आकडा पटकन हलू द्या. खाली बसवायचं आणि वर वर्षभर हलू द्यायचं नाही, यात माणसाची ताकद कळायची सोयच राहत नाही.

कोनेरू हंपी मुलीच्या जन्माच्या काळात सुमारे दोन वर्षं स्पर्धांपासून दूर होती. २०१८ मध्ये परतली, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये मॉस्कोत महिलांची जागतिक रॅपिड विजेती झाली. २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने तिला हरवलं, तेव्हा हंपी अडतीस वर्षांची होती. सगळे हंपी नसतात, हे खरंच. माझेच ऐंशी गुण गेले. पण ते खेळून गेले, न खेळता कोणी काढून घेतले नाहीत.

ताईने आता लिचेसवर खातं उघडलंय. मुलगी झोपली की दोन डाव खेळते, तेही मन लावून. १६२८ हा आकडा आपला नाही असं ती म्हणते. फिडेत प्रश्नचिन्ह नाही, तिचे सुरुवातीचे तीस डावही कधीच पूर्ण झालेत, त्यामुळे बरोबरीच्या खेळाडूकडून हरली तर दहा-दहा करतच गुण जातील. खरी जागा कळायला एखाद-दोन स्पर्धा पुरणार नाहीत. तरी दिवाळीच्या सुट्टीतल्या एका स्पर्धेची चौकशी तिने केली आहे. प्रवेश फी किती, आणि मुलांना बसायला सोय आहे का, एवढंच विचारलं.