चिंदी

आमचे आबा पलटणीतून पेन्शनीत घरी आले ते 1974 साली. काळ्या लोखंडी ट्रंकेत दोन कांबळी, एक मग, दाढीचं सामान आणि पांढऱ्या मऊ फ्लॅनेल कापडाची एक गुंडाळी. ट्रंक उघडल्यावर आईनं पहिल्यांदा ते कापडच उचललं. तूप गाळायला झकास होईल म्हणाली. आबा म्हणाले, "ठेव ते खाली. ती चिंदी हाय."

आपल्याकडे चिंदी म्हणजे फाटकं फडकं. पलटणीत चिंदीला मान असतो. चार इंच लांब, दोन इंच रुंद तुकडा मापानं कापायचा, दोरीच्या फासात अडकवायचा आणि रायफलच्या नळीतून ओढायचा. त्या दोरीला पलटणीत फुलथ्रू म्हणतात. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत शेवटची काही वर्षं कोतावर होते. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. कुणाची रायफल कशी परत आली हे बघायचं काम त्यांच्याकडं. त्यामुळं संध्याकाळी कवठेमहांकाळच्या आमच्या घरी ओट्यावर बसले की त्यांच्या गोष्टी लढाईच्या नसायच्या, नळीच्या असायच्या. गल्लीतली पोरं कंटाळून उठून जायची. मी तेवढा बसून राहायचो.

आबांचं म्हणणं एकच असायचं. "गोळीनं नळी बिघडायला हजारो गोळ्या लागत्यात. साफ करणाऱ्याला एक दुपार पुरती."

जुन्या थ्री-नॉट-थ्रीचं ते सांगायचे. नळीच्या आत पिळाच्या पाच खाचा. त्या खाचांनी गोळीला गिरकी मिळते, म्हणून ती सरळ जाते. त्या वेळच्या काडतुसाच्या टोपीतला मसाला जळला की नळीत खार राहायचा, मिठासारखा. तो हवेतली ओल ओढायचा आणि नळी आतून गंजायची. नुसत्या तेलानं तो जात नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून फायरिंगहून आलं की आधी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडी चिंदी, शेवटी तेलाची. आणि पुढच्या फायरिंगआधी तेलही पुसून काढायचं, कारण ओल्या नळीतली पहिली गोळी भलतीकडंच जाते.

फुलथ्रूच्या टोकाला पितळेचं वजन असतं. ते मागच्या अंगानं, म्हणजे काडतूस भरतात तिथनं सोडायचं, तोंडातनं बाहेर काढायचं आणि एका दमात सरळ ओढायचं. तिरपं ओढलं की दोरी तोंडाच्या कडेला घासते. "सुताची दोरी, ती लोखंडाला काय करणार?" असं मी एकदा विचारलं. आबांनी मला आमच्या विहिरीवर नेलं आणि काठच्या दगडावर दोरखंडानं पाडलेले चर दाखवले.

नळीचं तोंड सगळ्यात जपायचं. गोळी नळीतून सुटते त्या क्षणाला तिच्या बुडाभोवतीनं धूर-वारा चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. कडेला एका जागी बारीकसा टवका असला तर तिथनं वारा आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देतो. गोळी कलते. हातभरावर ते कळत नाही, लांब गेल्यावर कळतं.

हे सगळं मला बाराव्या-तेराव्या वर्षापासून तोंडपाठ होतं. त्यामुळं पुढं मी जे केलं त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

1984 साली मी कॉलेजात होतो, एनसीसीत. छोट्या रुळांची मिरज-पंढरपूर गाडी तेव्हा आमच्या गावावरनं जायची, तिनं जायचं-यायचं. माझ्याबरोबर गल्लीतलाच एक सोबती होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. कधी आखाड्यात उतरला नव्हता तरी आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. शरीर दणकट, पण हात मात्र सोनाराचा. पॉइंट टू टूच्या रायफलनं पंचवीस मीटरवर पाच गोळ्या मारायचा आणि त्या पाचही बंद्या रुपयाखाली झाकायच्या. उस्ताद त्याच्यावर खूश. रविवारी मोठ्या कँपसाठी निवड होती आणि त्यात त्याचं नाव पक्कं धरलेलं. त्याला पलटणीत जायचं होतं. घरी जिरायत जमीन, दोन वर्षांआड दुष्काळ. त्याच्या दृष्टीनं तो कँप म्हणजे पहिली पायरी होती.

शनिवारी सरावानंतर रायफली साफ करायची पाळी माझी. गाडी चुकेल म्हणून घाई चाललेली. चिंदी मापानं न कापता टरकन फाडली, जरा मोठीच निघाली. दोन रायफली झाल्या. तिसरी पैलवानाच्या ठरलेल्या हातातली. चिंदी निम्म्याच्या पुढं आली, तोंडापासून बोटभर आत अडकली. मी पायाचा रेटा देऊन ओढली, तशी दोरी तुटली.

त्या वेळी उठून उस्तादांना सांगायचं होतं. फार तर चार शिव्या बसल्या असत्या. पण आबांचा पोरगा, कोतावाल्याचा पोरगा, आणि चिंदी अडकवली? लाज वाटली. सायकल स्टँडजवळ एक मोडका स्पोक पडला होता. त्याचं टोक वाकवून मी आकडा केला आणि तोंडाकडनं नळीत घातला. वीस मिनिटं खुपसत होतो. चिंदी धागा-धागा होऊन बाहेर आली. उजेडाकडं धरून बघितलं तर तोंडाच्या कडेला एक ओरखडा, त्याच्या टोकाला बारीक टवका. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तो जावा म्हणून पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळून मी कड घासली. एका बाजूनं. कड चकाकली आणि मला बरं वाटलं. रायफल रॅकला लावली आणि गाडी पकडली.

रविवारी पैलवानाची पहिली गोळी डावीकडं वर गेली. दुसरी खाली. तो थांबला, श्वास सोडला, कोपर नीट टेकवला. तिसरी आणखी तिसरीकडंच. उस्ताद मागनं सांगत होते, "साँस रोको. ट्रिगर मत झटको." पाचही गोळ्या झाल्यावर कागद आणला. त्यावर वाटी पालथी घातली असती तरी भोकं झाकली नसती. उस्तादांनी कागदाकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं आणि वहीत दुसरं नाव लिहिलं. ते नाव माझं नव्हतं, एवढीच गोष्ट माझ्या बाजूची.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून आपला उजवा हात बघत होता. मी गप्प बसलो.

पुढच्या हंगामात आमच्या विहिरीवरच्या अर्ध्या एकर द्राक्षावर फवारणी चालली होती. म्हैसाळचं पाणी यायला अजून बरीच वर्षं होती, पाणी पुरवून पुरवून जगवलेली बाग. बोर्डोचं मिश्रण, मोरचूद आणि चुना. चुन्याची कणी नोझलात अडकली आणि फवारा बंद पडला. मी नोझल खोलला आणि चकतीच्या छिद्रात तार घालणार, तेवढ्यात आबांनी मनगट धरलं.

"तारेनं न्हाई. छिद्राची कड गेली की फवारा एकाच अंगाला धार सोडतो. निम्मी पानं जळत्याल आन् निम्म्यास्नी औषधच लागायचं न्हाई. पाण्यात बुडव, मऊ ब्रश मार. निघंल सावकाश."

चकती पाण्यात बुडवली आणि माझ्या तोंडातनं सगळं बाहेर पडलं. स्पोक, पॉलिश पेपर, पैलवानाचा कागद. आबा मारतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"न्हाई."

"रायफलीचं सरकार बघंल. जाणता मिस्त्री तोंड कापून नवी कड करतो, रायफल पुन्हा नीट मारती. पोराचं काय?"

मी त्यानंतरही सांगितलं नाही. पैलवानानं एनसीसी सोडली. भरतीला एकदाही गेला नाही. लोक म्हणायचे, घरच्यांनी जाऊ दिलं नाही. मला दुसरं कारण ठाऊक होतं, पण ते खरं की माझ्या मनाचे खेळ, हे विचारायची हिंमत नव्हती.

सांगितलं ते पंधरा वर्षांनी. त्याच्या बेदाणा शेडवर रात्री राखणीला दोघंच होतो. वर जाळ्यांवर माल पसरलेला, गार वारा सुटलेला. मी सुरुवात केली आणि शेवटपर्यंत बोललो. तो मधे एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजी माझा हात बरा हुता?"

"व्हय."

"पंधरा वर्सं मी समजतोय, दाब आला की माझा हात हलतो. भरतीला त्यामुळंच गेलो न्हाई मर्दा. बंदूक हातात दिली आन् हलला तर?"

बिडी पेटवायला त्यानं काडी ओढली. काडीची ज्योत हलली नाही, हे मी बघितलं आणि त्यानंही बघितलं. पहाटेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. त्यानंतर तीन-चार महिने तो माझ्याशी बोलत नव्हता. मग एके दिवशी आपण होऊन औषधाचा डबा मागायला आला.

आता माझी पुतणी कोल्हापुरात नेमबाजी करते. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तेव्हा ही पाळण्यात होती. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 451.4 गुणांवर ब्राँझ मिळवलं तेव्हा ही टीव्हीपुढं उभी राहून ओरडत होती. 1952 साली कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं पदक आणलं, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रकारात निशाण पन्नास मीटरवर असतं आणि दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. आपल्या करंगळीच्या नखाएवढं. तिथं मोहरीएवढा टवका म्हणजे डोंगरच.

त्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा क्लबच्या सरांबरोबर पुढच्या सामन्याला थेट निघायचं म्हणून रायफल बरोबर होती. दुपारी तिनं साफसफाई काढली. नेमका पैलवान आलेला, तोही बसला. पोरीनं आधी काडतूस नाही याची खात्री केली, मग बोल्ट काढून बाजूला ठेवला. रायफल घोडीवर आडवी, तोंड किंचित खाली, म्हणजे द्रावण मागं चापाकडं येत नाही. मागनं एक नळकांडं बसवलं, गजाला आधार द्यायला, तो नळीच्या भिंतीला घासू नये म्हणून. गज एकसंध, वरून प्लॅस्टिकचा थर दिलेला. मूठ फिरती, पिळाबरोबर गज आपोआप फिरतो. प्रत्येक फेरीनंतर गज पुसायचा, कारण त्याला चिकटलेली धूळच नळीला पॉलिश पेपरसारखी घासते.

"हिची गोळी मऊ शिशाची, वरून मेणासारखं वंगण, काका," ती मला शिकवत होती. "तिच्यानं नळी फारशी झिजत नाही. फक्त गोळी पिळात शिरते तिथं जळक्या दारूचं कडं बसतं. तेवढं द्रावणानं भिजवायचं, दहा मिनिटं थांबायचं. पितळी ब्रश रोज नाही. आणि ब्रश मारला तर मधे उलटा फिरवायचा नाही, पार बाहेर काढायचा आणि तिथंच फिरकीनं सोडवायचा."

"चिंदी?" मी विचारलं.

"कापूस नाही ना सुटणार तिचा?"

मी आत जाऊन आबांच्या ट्रंकेतलं कापड आणलं. हातभर उरलं होतं. तिच्या नळीच्या मानानं बेतानं बारीक तुकडे कापले, या वेळी मापून. पुतणीनं गज माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुम्ही ढकला. पुढं कुणीतरी चिंदी धरा, ती पुन्हा आत यायला नको."

पैलवान उठला आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसला. मी गज सरळ, सावकाश ढकलला. चिंदी बाहेर आली. त्यानं ती दोन बोटांनी अलगद उचलली, गज कडेला लागणार नाही अशी बोटं आडवी धरली आणि म्हणाला, "घे माघारी." पहिली चिंदी काळी निघाली. दुसरी करडी. तिसरीवर नुसती सावली. चौथीसाठी मी हात पुढं केला.

"बास, काका," पोर म्हणाली. "एवढं राहू द्या. आता पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांत ती आपोआप जागेवर येईल. जास्त कोरलं तर बिघडेल."

माझा हात तरी चिंदीवरच होता. पैलवान तोंडाकडनं नळीत डोकावत होता, पलीकडच्या उजेडाकडं. तो तसाच वाकून म्हणाला, "ऐक तिचं."