ठाण्याचें स्टेशन

गांवाचा इतिहास विचारला म्हणजे ठाणेकर किल्ला सांगतो, मासुंदा तलाव सांगतो, कौपिनेश्वराचें देऊळ सांगतो. ज्या स्टेशनावरून तो रोज दोन वेळां जातो, तें त्यास शेवटीं आठवतें.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं बोरीबंदराहून १४ डब्यांची आगगाडी निघाली आणि सुमारें ४०० पाहुण्यांसह २१ मैल तोडून ठाण्यास आली. हिंदुस्थानांत उतारूंची गाडी सुरू झाली ती या दिवशीं. शाळेंत ही तारीख मीं तीस वर्षें पाठ करून घेतली. मुलें उत्तरांत मुंबईचें नांव हटकून लिहीत, ठाण्याचें क्वचित्. गाडी सुटली हें सर्वांस ठाऊक. ती पोहोंचली कोठें, हें विचारतो कोण? वास्तविक कंपनीची दृष्टि घाटापलीकडील कापसावर होती. वाटेंत खाडी आडवी आली म्हणून वर्षभर ठाणें हेंच शेवटचें ठिकाण राहिलें. खाडीवर पूल झाला आणि १ मे १८५४ रोजीं गाडी कल्याणास गेली. पारसिकचा बोगदा पुढें १९१६ त झाला, वाशीचा फांटा २००४ त.

येथें थोडें विषयांतर करतों. शिलाहारांच्या ताम्रपटांत या गांवाचें नांव ‘स्थानक’ असें आहे, आणि ‘स्टेशन’ हा शब्दही मुळांत ‘स्था’ धातूच्याच कुळांतला. तेव्हां ‘ठाणें स्थानक’ म्हणणें हें ‘पावरोटी’ म्हणण्यासारखेंच झालें!

आमची पणजी पुण्याहून येतांना गाडींत पाण्याचा थेंब घेत नसे, असें आजी सांगे. बाकावर शेजारीं कोण बसलें आहे याचा तिला धाक. तिनें उपास पाळला, पण गाडी टाकली नाहीं. तिकिटानें जें निमूटपणें घडविलें, तें शास्त्र्यांच्या शंभर सभांनीं घडतें ना, असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां त्या बाकांवर बसावयास मिळत नाहीं, हा निराळा प्रश्न. २०२४ त पांचव्या क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठीं ६३ तास वाहतूक आवरती घेतली होती. फलाट रुंद झाला. परंतु कल्याणाकडून गाडी येते ती भरूनच येते. ता. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दाराशीं लोंबकळणारे उतारू खालीं पडले व चौघे दगावले. त्या दिवशीं आमची सून घरीं येईपर्यंत सौभाग्यवतींनीं देवाजवळचा दिवा सोडला नाहीं, आणि मी हातांत पुस्तक धरून एकच पान वाचीत बसलों.

रात्रीं सुनेला म्हटलें, “बाळ, गाडी भरलेली दिसली तर सोडून देत जा. अर्ध्या तासानें कांहीं बिघडत नाहीं.”

ती म्हणाली, “बाबा, मागची रिकामी असते असें वाटतें का तुम्हांला?”

तरी हल्लीं ती दहा मिनिटें लवकर निघते. डबा भरून देण्याचें काम मीं घेतलें आहे. उशिरा येण्याची सवलत तिनें कचेरींत मागितली आहे. अद्याप उत्तर आलेलें नाहीं.