टाचण कोणी लिहायचे?

वाचलेले विसरते म्हणून माणूस टाचणे करतो, आणि पुढे टाचणे इतकी साठतात की ती केल्याचेही विसरतो. तक्रार जुनीच आहे. नवे एवढेच, की आता या पसाऱ्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस मिळाला आहे. लेख, पीडीएफ, तासाभराचे भाषण, काहीही त्याच्यापुढे टाकावे. तो सारांश काढतो, विषय लावतो, जुन्या नोंदींशी सांधा जुळवतो आणि विचारले की क्षणात काढून हाती देतो. ही कारकुनी उतरली याचे दुःख करण्याचे कारण नाही. कारकुनी संपते कुठे, हे मात्र ठरवायला हवे. माझ्या मते टाचणाचे पहिले वाक्य तिच्यात मोडत नाही. आपण हे का उचलले, एवढे सांगणारे ते वाक्य ज्याचे त्यानेच लिहायचे. तेही मदतनिसावर सोपवले, तर संग्रह वाढत जातो आणि त्याला धनी उरत नाही. माळ्यावर टाकलेल्या सामानासारखा तो असतो खरा, पण कशासाठी, ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

निक्लास लूमान हा जर्मन समाजशास्त्रज्ञ १९९८ साली वारला, तेव्हा त्याच्या लाकडी पेट्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. त्या विषयवार लावलेल्या नव्हत्या. प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक असे. तिच्यातून नवा विचार निघाला की क्रमांकालाही फांदी फुटे, आणि कुठल्यातरी दूरच्या चिठ्ठीचा क्रमांक हाताने टिपून दोघींमध्ये वाट पाडलेली असे. १९८१ च्या एका लेखात त्याने या पेट्यांना संवादातला जोडीदार मानले, आणि त्या जोडीदाराने आपल्याला चकित करावे अशी अपेक्षा धरली. आजचा मदतनीस मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून जवळचे ते शोधतो. पाणीटंचाईची नोंद टाकली की पाणीटंचाईच्याच नोंदी पुढे येतात. तिचा धागा सावकारी कर्जाशी किंवा शाळेतल्या मुलींच्या गळतीशी जोडायचे आधी कोणाच्यातरी मनात यावे लागते. सांगितले तर यंत्र असे दूरचे दुवेही सुचवते, ढिगाने सुचवते; पण त्यांतला कोणता खरा आणि कोणता नुसताच चमकदार, हे पारखायला आपण तो मजकूर का ठेवला होता याची आठवण लागते. इथेच ते पहिले वाक्य कामी येते.

चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच लिहून ठेवी, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरतात असा त्याचा अनुभव होता. यंत्राने काढलेल्या सारांशात बोचणारे नेमके हेच तपशील पुष्कळदा घासून गुळगुळीत होतात. उलट, तेच यंत्र या कामाला लावता येते: ‘माझ्या या मताविरुद्ध माझ्याच टाचणांत काय आहे?’ याहून चांगला प्रश्न मदतनिसाला विचारता येईल असे मला वाटत नाही. अट एकच, विरोधी गोष्ट खटकली तेव्हा आपण ती टिपलेली असली पाहिजे.

कोणी म्हणेल, ही भीती प्लेटोच्या काळापासूनची आहे. ‘फायड्रस’मध्ये सॉक्रेटिस लेखनावरच आक्षेप घेतो: लिहिण्याने स्मरण दुबळे होईल, आणि लिहिलेल्या शब्दांना काही विचारावे तर ते पुन्हा पुन्हा तेच सांगतील. लेखन टिकले, जग बुडाले नाही, हे खरे. त्यातला दुसरा आक्षेप तर आता उरलाच नाही; टाचणे उत्तरे देऊ लागली आहेत. पण म्हणून पहिला आक्षेप अधिकच धारदार झाला आहे, कारण निदान लिहिताना हात आणि डोके दोन्ही चालत होते. १९७८ साली नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी प्रयोगांतून दाखवले, की आयत्या वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः जुळवून काढलेला शब्द अधिक लक्षात राहतो. वेळ कुठे आहे, हा आणखी एक आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. एका वाक्यालाही वेळ नसेल, तर तो मजकूर पुन्हा वाचायला तरी कुठून मिळणार?

राहिली मूळ मजकुराची गोष्ट. वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. त्यांतल्या प्रस्तावना आग्रही होत्या, आणि राजवाड्यांची बरीच मते पुढच्या अभ्यासकांनी खोडली. ती खोडता आली, कारण प्रस्तावनेपाठोपाठ कागदही छापलेले होते. मदतनिसाचा सारांश ही प्रस्तावनाच समजावी. तो ठामपणे चुकतो, कधी नसलेलेही सांगतो. आणि मूळ फेकून सारांश ठेवला, मग सारांशाचाही सारांश केला, तर चूक पकडायला आधारच राहत नाही. तेव्हा मूळ मजकूर वेगळा, यंत्राचे वेगळे, आपले वेगळे ठेवावे; तेही साध्या मजकुराच्या फायलींत, म्हणजे एखादे ॲप बंद पडले तरी अडत नाही. आणि पुढचा लेख जतन करताना, सारांश मागण्याआधी, हा का ठेवतो आहोत ते एका ओळीत लिहून पाहा. ओळ सुचली नाही, तर तो लेख ठेवूच नका.