नटाचा चरितार्थ

मराठी मनोरंजनव्यवसायात अभिनयावर पोट भरणाऱ्या नटाची मिळकत मुख्यतः व्यावसायिक नाटक, दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपट या तीन ठिकाणांहून येते. डबिंग, जाहिराती, ध्वनिपुस्तकांचे वाचन, कार्यक्रमांचे निवेदन ही त्याची जोडकामे. पैसे मिळतात ते रंगलेल्या प्रयोगाचे किंवा चित्रीकरणाच्या दिवसाचे. निवडीसाठी घातलेल्या चकरा, पाठांतर, तालमी, प्रवास आणि दोन कामांमधला रिकामा काळ यांचा भार नट स्वतः उचलतो. प्रेक्षकाला दिसतो तो कामाचा पगारी भाग. त्यामागचा मोठा भाग बिनपगारी असतो, आणि या व्यवसायातल्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

ही रचना मुळापासूनची नाही. 1880 मध्ये निघालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीच्या आणि तिच्यानंतरच्या कंपन्यांच्या काळात नटाला मंडळीत पगार, बिऱ्हाड आणि जेवण मिळे. पोरवयात कंपनीत दाखल झालेला मुलगा तिथेच गाणे शिके, तिथेच वाढे आणि बहुधा तिथेच म्हातारा होई. त्याबदल्यात तो कंपनीला बांधलेला असे. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक मंडळ्या कर्जापायी मोडल्या. चित्रपटकंपन्यांनीही सुरुवातीला मासिक पगारावरच नट ठेवले. त्या बांधिलकीलाही दुसरी बाजू होती. 1939 मध्ये अभिनेत्री शांता आपटे यांनी करारावरून वाद झाल्यावर प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकापाशी उपोषण केले, आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ या पुस्तकात चित्रपटधंद्यात नटांचे शोषण कसे होते याची रोखठोक मांडणी केली. पुढे पगारी पद्धत संपली आणि नट मोकळा झाला. मालकाबरोबर महिन्याचा पगारही गेला.

या व्यवसायाची वाट आजही बहुधा स्पर्धांमधून जाते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा घेते. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगते. हौशी संघांसाठी शासनाची राज्य नाट्य स्पर्धा आहे. दिग्दर्शक, लेखक आणि निर्माते या स्पर्धांकडे लक्ष ठेवून असतात, त्यामुळे करंडकाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्या रात्री प्रेक्षागृहात कोण बसले होते याला महत्त्व येते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स इथे रीतसर शिक्षण मिळते. या शिक्षणाने अभिनयाची बैठक पक्की होते, पण काम मिळण्याची हमी कुठलीच संस्था देत नाही.

आधीच्या पिढीने हा धोका नोकरीच्या आधाराने पेलला. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांत काम करणारे अनेक जण संध्याकाळी तालमीला उभे राहत. निळू फुले यांनी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी त्यांची मुख्य भूमिका असलेले ‘नटसम्राट’ हे नाटक रंगमंचावर आले. ‘लमाण’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास नोंदवला आहे. कायम नोकरी आणि वेळेवर सुटणारे कार्यालय ही त्या वाटेची पूर्वअट होती. आजच्या कंत्राटी नोकऱ्यांत ती क्वचितच पुरी होते. म्हणून नवा नट नोकरीऐवजी फुटकळ कामांवर राहतो. मुलांची नाट्यशिबिरे घेणे, शाळांची स्नेहसंमेलने बसवणे, मालिकेत सहायक दिग्दर्शक किंवा संवादलेखक होणे ही त्यातली नेहमीची कामे.

गावाकडून आलेल्या नटाचा मुंबईतला पहिला प्रश्न घराचा असतो. ऑडिशनची बरीच कार्यालये अंधेरीत, विशेषतः वर्सोव्याच्या आरामनगरात आहेत. चित्रीकरण गोरेगावची चित्रनगरी, मढ, मीरा रोड, नायगाव आणि ठाण्याचा घोडबंदर रस्ता या पट्ट्यात चालते. अंधेरीचे भाडे परवडत नाही, म्हणून तिघे-चौघे मिळून मीरा रोड, दहिसर किंवा डोंबिवलीकडे खोली घेतात. सिनेमातली माणसे आणि एकटी मुलगी यांना घर द्यायला अनेक सोसायट्या आजही खळखळ करतात. पगाराची पावती नसल्याने बँकाही कर्ज देताना हात आखडता घेतात. प्राप्तिकराची विवरणपत्रे सुरुवातीपासून भरत राहणे हा जुन्या नटांचा नव्यांना पहिला सल्ला असतो, तो यामुळेच.

काम मिळवणे हे स्वतंत्र कामच आहे. पूर्वी नट छायाचित्रांचा अल्बम घेऊन निर्मात्यांच्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत. आता कास्टिंग डायरेक्टरकडून व्हॉट्सॲपवर भूमिकेचे वर्णन, वय आणि अर्ध्या पानाचा उतारा येतो. नट घरीच मोबाईलवर सेल्फ टेप करून पाठवतो. पसंती मिळाली तर लुक टेस्ट, मग मॉक शूट, मग वाहिनीची मान्यता. प्रत्येक टप्प्यावर नाव गळू शकते, आणि गळाल्याचे कळवण्याची पद्धत नाही. उत्तर न येणे हाच नकार समजायचा. नकाराचे कारण अभिनयातच असते असेही नाही. नायिकेच्या शेजारी उंची जुळत नाही, बापाच्या भूमिकेसाठी चेहरा तरुण वाटतो, वाहिनीला ओळखीचा चेहरा हवा असतो, कधी इन्स्टाग्रामवरचे अनुयायी कमी पडतात. नवख्यांच्या अधीरतेवर जगणारे भामटेही याच वाटेवर भेटतात. नावनोंदणी, फोटो किंवा निवडीची खात्री यांसाठी पैसे मागणारे कार्यालय खरे नसते. खऱ्या कास्टिंगमध्ये ऑडिशनला पैसे पडत नाहीत, आणि मध्यस्थ असलाच तर त्याची टक्केवारी मिळालेल्या मानधनातून जाते.

व्यावसायिक नाटकात नटाचा मोबदला प्रयोगागणिक ठरतो. त्याला ‘नाईट’ म्हणतात आणि ती बहुधा प्रयोग संपल्यावर पाकिटातून मिळते. महिना-दीड महिन्याच्या तालमींचे मानधन सहसा नसते. प्रयोग रद्द झाला की नाईट बुडते. शनिवार-रविवार हे कमाईचे दिवस, आणि दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर या मोजक्या नाट्यगृहांच्या तारखांवर सगळे गणित बसते. परीक्षा, निवडणुका, मुसळधार पाऊस किंवा नाट्यगृहाची दुरुस्ती यांतले काहीही आले तरी तारखा जातात. 8 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा वास्तूबरोबर तिथल्या रंगकर्मींचे कामाचे ठिकाणही गेले. नाटक चालले तर मात्र त्यासारखा आधार नाही. प्रशांत दामले यांनी 6 नोव्हेंबर 2022 रोजी कारकिर्दीतला 12,500 वा प्रयोग केला. अशी चाल हजारांत एखाद्याला लाभते. बाकीच्यांची बरीच नाटके पंचवीस-पन्नास प्रयोगांत थांबतात आणि पुन्हा नव्या संहितेच्या बिनपगारी तालमी सुरू होतात.

मालिकांनी हे अर्थकारण बदलले. 1997 मध्ये दूरदर्शनवर ‘दामिनी’ सुरू झाली. 1999 मध्ये अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी आणि 2008 मध्ये स्टार प्रवाह या वाहिन्या आल्या, आणि मराठी नटाला प्रथमच महिन्याचे बरेच दिवस ठरलेले काम मिळू लागले. मालिकेचा करार दिवसाच्या दरावर होतो. मुख्य भूमिकांना महिन्याला ठरावीक दिवसांची हमी मिळू शकते, सहायक भूमिकांना ती नसते. शिफ्ट बारा तासांची, पण जाण्यायेण्याचे तास त्यात धरत नाहीत. एका दिवसात बरेच प्रसंग उरकायचे असतात आणि संवादाची पाने पुष्कळदा मेकअपच्या खुर्चीतच हाती पडतात. म्हणून झटपट पाठांतर, प्रकाशात नेमके उभे राहणे आणि मास्टरमध्ये, म्हणजे पूर्ण प्रसंगाच्या चित्रणात, केलेली हालचाल क्लोजमध्ये, म्हणजे जवळून घेतलेल्या चित्रणात, तशीच करणे या गोष्टी इथे भावनेच्या खोलीइतक्याच मोलाच्या ठरतात. कथानक ग्रामीण असेल तर मुक्काम सातारा, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गात पडतो. मग महिन्यातले वीस-पंचवीस दिवस घर सुटते, आणि नाटकाच्या प्रयोगांच्या तारखा देणे अशक्य होऊन बसते.

या नियमित कामाच्या डोक्यावर टीआरपी असतो. आकडे गुरुवारी येतात आणि त्यांवर कथानकाची दिशा ठरते. आकडे घसरले की एखाद्या पात्राला परगावी पाठवले जाते, अपघातात मारले जाते किंवा त्याचा विषयच निघेनासा होतो. नटाला हे बऱ्याचदा पुढच्या महिन्याच्या तारखा न आल्यावर समजते. पैसे नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे, त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. म्हणजे जानेवारीतल्या कामाचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात आणि पहिले तीन महिने नट प्रवास, कपडे आणि घरभाडे पदरचे घालून काम करतो. मालिका मध्येच बंद पडली किंवा निर्मिती संस्था अडचणीत आली, तर शेवटच्या महिन्यांची थकबाकी वर्षानुवर्षे लोंबकळते. मोठ्या भूमिकेतल्या नटाला करारामुळे दुसऱ्या वाहिनीवर काम करता येत नाही. मालिका संपल्यावर तोच ओळखीचा चेहरा नव्या भूमिकेच्या आड येतो.

चित्रपटात ठरावीक रक्कम हप्त्यांनी मिळते आणि शेवटचा हप्ता अडकणे ही नेहमीची तक्रार असते. चित्रपट तयार होऊनही वितरकाअभावी पडून राहिला, तर नटाला पैशाबरोबर ओळखही मिळत नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलावंताच्या स्वामित्वधनाची तरतूद आली. तरीही मालिका किंवा चित्रपट पुन्हा दाखवल्याचे पैसे सामान्य नटाच्या हाती क्वचितच पडतात.

शरीर हेच कामाचे साधन असल्याने त्याची झीज थेट उत्पन्नात दिसते. घसा बसला, पाय मुरगळला की प्रयोग जातो आणि रिप्लेसमेंट उभी राहते. अपुरी झोप आणि रात्रीचा प्रवास हा सर्वांत मोठा धोका. 2001 मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे वाईहून प्रयोग करून परतताना मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. डिसेंबर 2012 मध्ये त्याच रस्त्यावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे या नटांचा मृत्यू झाला. स्त्रियांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. नायिकेचे वय सरताच आईच्या भूमिका सुरू होतात, आणि पडद्यावरची आई व तिचा मुलगा यांच्या खऱ्या वयांत पुष्कळदा थोडकेच अंतर असते. बाळंतपणाच्या रजेची सोय रोजंदारीवरच्या अभिनेत्रीला नसते.

या सर्व उणिवा कोविडकाळात एकदम उघड्या पडल्या. मार्च 2020 मध्ये चित्रीकरण आणि नाट्यगृहे थांबली. जुने भाग पुन्हा दाखवून वाहिन्या चालू राहिल्या, नटांची मिळकत मात्र शून्यावर आली. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा 65 वर्षांवरील कलाकारांना सेटवर मनाई होती. 7 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आल्यावर मराठी मालिकांची पथके गोवा, दमण, बेळगाव अशा ठिकाणी गेली. गोव्यातले कामही मे महिन्यात थांबले. दुसऱ्या लाटेत बंद झालेली नाट्यगृहे 22 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली. तोवर अनेकांनी डबे पोचवणे, मसाले विकणे, ऑनलाइन वर्ग घेणे असे मार्ग धरले होते, आणि काही जण कायमचे गावी परतले.

आधाराला संस्था आहेत. 1905 मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद, कोल्हापूरचे अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आणि सिंटा ही सिने-दूरचित्रवाणी कलाकारांची संघटना थकबाकीच्या तक्रारींत मध्यस्थी करतात, अडीअडचणीला मदत देतात. तक्रारीला लेखी करार लागतो, आणि छोट्या भूमिकांचा व्यवहार अजून पुष्कळदा फोनवरच्या शब्दावर चालतो. तक्रार केली तर पुढचे काम जाईल, या भीतीने बरेच जण गप्प बसतात. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, पण तिची रक्कम औषधपाण्यालाच जेमतेम पुरते. भविष्यनिर्वाह निधी किंवा निवृत्तिवेतन या व्यवसायात नाही.

दीर्घकाळ टिकलेल्या नटांच्या वागण्यात काही गोष्टी समान आढळतात. ते एकाच माध्यमावर अवलंबून राहत नाहीत, मालिकेच्या बऱ्या दिवसांत हात राखून खर्च करतात, डबिंगसारखे वय न पाहणारे जोडकाम सांभाळतात आणि रंगमंच सोडत नाहीत, कारण तिथेच घसा, स्मरण आणि ओळख तिन्ही ताजी राहतात. ही शहाणपणाची रीत व्यक्तीला तारते, व्यवसायाचा दोष तिने भरून निघत नाही. छोट्यात छोट्या भूमिकेलाही लेखी करार, नव्वदऐवजी तीस दिवसांत पैसे, तालमींचा भत्ता आणि आरोग्यविमा एवढ्या चार गोष्टी रूढ झाल्या, तर अभिनय हा मध्यमवर्गीय माणसाला निर्धास्तपणे पत्करता येईल असा व्यवसाय होईल. तोपर्यंत तो घरच्यांच्या पाठबळावर किंवा दुसऱ्या कमाईवरच उभा राहील.